हवेचा अंदाज

दूध उतू गेलं आणि त्याने खालची ज्योत विझवली, एवढंच झालं होतं. माया ओट्यापासून दोन हातांवर, जेवणाच्या टेबलाशी पहिल्या वर्षाचे पेपर तपासत बसली होती. रविवारची सकाळ. दूध तिनेच ठेवलं होतं आणि मग ती एका आकृतीत अडकली. कुणीतरी मांडीतल्या धमनीची वाट इतक्या निगुतीने काढली होती, की सगळी नावं चुकलेली असूनही शून्य द्यायला तिचा हात धजेना. आई आंघोळ करून बाहेर आली, स्वयंपाकघराच्या दारातच थबकली आणि पदर नाकाशी नेत ओरडली, "अगं बाय, गॅस!" सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांना पट्टे बांधून चालणारी सुंदराबाई त्या क्षणी पोरीसारखी धावली. तिने बटण फिरवलं, खिडकी सताड उघडली आणि पंखा लावायला निघालेल्या मायाच्या हातावर चापट मारली. "बटनाला हात लावू नको! शिकलीस ना एवढी?" माया होती तिथेच थांबली. शेगडीवर दुधाची साय करपून चिकटली होती, पांढरा ओघळ ओट्यावरून खाली टपकत होता. "घरभर सुटलाय वास," आई म्हणाली. "आणि तू हितंच बसलेलीस. नाक हाय का नुसतं चष्मा टेकवायला?" माया म्हणाली, सर्दी झालीय थोडी. तिला सर्दी नव्हती. तिने खोल श्वास घेतला, पेशंटला घ्यायला सांगतात तसा, तोंड मिटून. हवा आत आली. ती थोडी गार होती, आणि नुसती हवा होती.

दुपारी आई खालच्या मजल्यावर विहाराच्या बायकांच्या बैठकीला गेली. मग माया स्वयंपाकघराचं दार लावून डबे काढत बसली. हिंग. लवंग. कॉफी. डोळे मिटून, झाकण उघडून, नाकाखाली धरून. मग न्हाणीघराच्या माळ्यावर ठेवलेली सुक्या बोंबलांची बरणी. शेजारच्या विंगेतल्या लोकांची तक्रार येते म्हणून तिच्या झाकणाखाली आई प्लास्टिकचा कागद लावते. माया स्टुलावर चढली, कागद काढला आणि बरणीत जवळजवळ तोंड घातलं. काही नाही. हिंगाच्या वेळी क्षणभर काहीतरी आल्यासारखं वाटलं होतं, पण तेवढ्यात तिने डोळे उघडले होते हे लगेच तिच्या लक्षात आलं. डोळे मिटून पुन्हा केलं तर तेवढंही नाही. शेवटी तिने डोकेदुखीचा बाम बोटावर घेतला आणि तो मात्र नाकात थंड चुरचुरला. तिला हायसं वाटलं आणि त्याच श्वासात कळलं की हा वास नव्हे. चुरचुरणं हे पाचव्या नसेचं काम. वास पहिल्या नसेचा. गेली कित्येक वर्षं ती हे फळ्यावर खडूने काढून शिकवत आली होती. नाकाच्या छताला चाळणीसारखं पातळ हाड, त्याच्या भोकांमधून खाली उतरलेले बारीक तंतू. या पेशी शरीरातल्या इतर नसांसारख्या नाहीत, ती मुलांना सांगायची, त्या आयुष्यभर नव्याने उगवत राहतात. मुलांना हे आवडतं. मागच्या बाकावरचा एखादा हमखास विचारतो, मग मॅडम, वास कायमचा जातो तो कसा? आणि ती सांगते की ज्या थरातून त्या उगवतात तोच जळून गेला तर. बामाचं बोट तसंच धरून ती स्टुलावर बसून राहिली. समोर उघडे डबे. कुणी आत्ता आलं असतं तर त्याला वाटलं असतं, हिला काहीतरी रांधायचं आहे आणि काय ते आठवत नाही.

तिचं नाक तिखट आहे हे रघुवीर सरांनी ठरवलं होतं. परळच्या कॉलेजात ती लेक्चरर म्हणून लागली त्या वर्षी. तेव्हा ते शरीररचना विभागाचे प्रमुख होते; पांढरे बूट, खिशात दोन पेनं, आणि मृतांबद्दल बोलताना आवाज खाली आणायची सवय. डिसेक्शन हॉलमधली हवा मोजायचं एक यंत्र विभागाकडे होतं. ते तपासणीसाठी कंपनीकडे गेलं आणि परत आलंच नाही. मग सर सकाळी हॉलच्या दारात उभे राहून म्हणायचे, "माया, तू जाऊन ये." ती आत जायची, मधल्या टेबलापर्यंत, आणि उभी राहायची. देह टिकवणाऱ्या फॉर्मेलिनचा वास तेव्हा तिला एकसंध येत नसे, त्याचे पदर वेगळे येत. वर तरंगणारा बोचरा, त्याखाली कार्बोलिकचा औषधी, त्याखाली ग्लिसरीनचा गोडसर ओशटपणा, आणि सगळ्यात खाली जुन्या कापडासारखं काहीतरी, ज्याला नाव नव्हतं. कोणत्या टाकीत आदल्या दिवशी नवीन भर घातली आहे हे ती दारातून सांगायची. एकदा कोपऱ्यातल्या टाकीकडे बोट करून तिने सांगितलं आणि धोंडू अटेंडंटने झाकण उचलून पाहिलं, तर खरोखरच झाकण नीट बसलेलं नव्हतं. "बघा," सर सगळ्यांना म्हणाले, "हिचं नाक तिखट आहे. यंत्र काय करायचंय?" त्या दिवशी ती पुलावरून चालत घरी गेली ते हसतच. डिलाईल रोडच्या चाळीत, मोरीशेजारी पेपर वाचत बसलेल्या बाबांना तिने ते ओरडून सांगितलं, कारण बाबांना ओरडूनच सांगावं लागे. बाबा, म्हणजे कोंडीराम, मिलमध्ये रिंग खात्यात, सूतकताईला होते. आजोबांच्या काळी साच्यावर, म्हणजे मागावर, आपल्या लोकांना विटाळ म्हणून उभं करत नसत, आणि मुलगा बापाच्या खात्यातच लागला. संपात मिल गेली पण तिचा आवाज त्यांच्या कानात राहिला. बाकी कशालाही तिथे शिरायला जागा उरली नव्हती. ते मात्र कधी कबूल करत नसत. "मला चांगलं ऐकू येतं," ते म्हणायचे, "तुम्हीच आजकाल हळू बोलता." सगळी चाळ त्यावर हसायची. माया पण हसायची. त्या दिवशी बाबांनी तिच्या ओठांकडे नीट बघत ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, "मग. आईवर गेलंय." आतून आई म्हणाली, "नाक माझं, आन तोंड तुमचं. जोरात बोलायला लागलीय."

पुढे ती रीतच पडून गेली. सर निवृत्त झाले, वारले, प्रमुख बदलले, नवीन फरशी आली, स्टीलची टेबलं आली. पण मुलं अॅप्रन घालून दाराबाहेर गोळा झाली की कुणीतरी म्हणे, थांबा, आधी मॅडम. मग ती आत जायची, उभी राहायची, आणि या म्हणून हात वर करायची. कधी म्हणायची, अजून थोडा वेळ पंखे चालू द्या. आता आठवताना तिला हे शेवटचं कधी म्हटलं होतं ते आठवेना. गेल्या काही वर्षांत ती रोज नुसताच हात करत होती. तिला वाटलं होतं की हवा सुधारली. आणि ती सुधारावी असं काहीही झालं नव्हतं. उलटंच झालं होतं. समोरच्या मिलच्या जागेवर उंच इमारत उभी राहिली, खालच्या मजल्यांवरच्या लोकांना हॉलमधली टेबलं दिसायला लागली, आमची मुलं जेवत नाहीत अशा त्यांच्या तक्रारी आल्या, आणि मग हॉलच्या त्या बाजूच्या सगळ्या खिडक्या पांढऱ्या रंगवून स्क्रूने कायमच्या बंद केल्या गेल्या. मायाला त्या लोकांचा राग आला नव्हता. तिची चाळ पाडूनही अशीच इमारत झाली होती आणि तिलाही आता चौदाव्या मजल्यावरून दुसऱ्यांच्या गच्च्या दिसत. हवा बाहेर खेचणाऱ्या पंख्यांपैकी निम्मे फिरत, आणि फिरणारे जास्त करून आवाजच करत. तिने प्रयत्न केला नव्हता असं नाही. तिने मिठाच्या पद्धतीबद्दल वाचलं होतं; फॉर्मेलिन अगदी थोडं, बाकी मिठाचं संपृक्त द्रावण, ग्लिसरीन आणि स्पिरिट. मांडीत छेद देऊन, धमनीत नळी बसवून, उंचावर टांगलेल्या बाटलीतून ते तिने स्वतः एका वृद्ध बाईच्या देहात हळूहळू उतरताना पाहिलं होतं. बाईंनी देहदान केलं होतं. त्यांचा खांदा शेवटपर्यंत मऊ राहिला, कोपर वाकत होता, मुलं म्हणत होती की मॅडम, या खऱ्या वाटतात. मग दमट महिने आले आणि एके सकाळी कानामागे बुरशीची हिरवट मखमल दिसली. दोन दिवसांत ती गळ्यावर उतरली. विभागात कुणी तिला काही बोललं नाही, आणि पुढच्या देहाच्या वेळी घाबरून पूर्वीपेक्षा जास्त फॉर्मेलिन घातलं गेलं. ते घालताना बाटलीखाली तीच उभी होती. तिला तेव्हा काय वास आला होता? ती त्या खोलीत, त्या बाटलीखाली परत परत जाऊन उभी राहत होती, आणि प्रत्येक वेळी तिला वास येत होता. तो आठवणीतला होता. आठवणीत सगळं शाबूत होतं, हीच तर अडचण होती.

शेवटचा वास कुठला, हे तिला शोधायचं होतं. सोमवारी सकाळी कॉलेजकडे चालत जाताना ती तेच करत होती. रस्त्यावर इडलीवाला होता, गटाराचं झाकण उघडं होतं, फुलवाल्याने निशिगंधाच्या जुड्या पाण्यात ठेवल्या होत्या, आणि या प्रत्येकाचा वास तिचं डोकं तत्परतेने पुरवत होतं, एखाद्या आज्ञाधारक कारकुनासारखं. तिने डोळे मिटले की पुरवठा थांबायचा. बाबा गेले तेव्हा? बुद्धवंदना चालू होती, मेणबत्त्या वितळत होत्या, मेणाचा वास तिला आठवत होता. आठवत होता की नंतर लावला होता? कोविडच्या वेळी? तेव्हा सगळं जग एकमेकांना तोच प्रश्न विचारत होतं. तिलाही ताप आला होता, आणि फोनवरच्या बाईने विचारलं होतं, मॅडम, वास येतोय का? समोर आईने ठेवलेला चहा होता, आलं घातलेला, वाफ येत होती. हो, येतोय, ती म्हणाली होती. तिने वाकून हुंगला नव्हता. चहा दिसत होता. तिथेच गेला असेल कदाचित. किंवा त्याच्याही आधी, थोडा थोडा, टाक्यांवर वाकताना, बाबांच्या कानांसारखा. कारण कुठलंही असू शकत होतं आणि तारीख कुठलीही. विद्यार्थिनी असताना तिला शिकवलं होतं की दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून एक दुसरीमुळे घडली असं होत नाही. हे वाक्य तिने आयुष्यभर जपलं होतं. आज चालताना तिला ते बंद केलेल्या खिडकीसारखं वाटत होतं. कारण ती त्याच्यामागे जे ठेवू बघत होती ते दर्शना होती.

दर्शना विभागातली ट्यूटर. लालबागची, मालवणी घरातली, बोलायला फटकळ आणि हाताने फार नाजूक. चेहऱ्यावरची नस अखंड मोकळी करावी तर तिनेच. आता तिला पाचवा महिना होता. ही बातमी तिने नवऱ्यानंतर पहिल्यांदा मायाला सांगितली होती, जिन्यात गाठून. "मॅडम, हॉलमध्ये येऊ की नको? खरं सांगा. रजा टाकली तर माझं कंत्राट वाढवणार नाहीत, तुम्हाला माहितीय. पण तुम्ही नको म्हणालात तर नाय येणार." आणि माया म्हणाली होती, "मी रोज आधी जातेच ना आत. मी सांगेन त्या दिवशी बाहेर थांब." "बस. मग मला टेन्शन नाय," दर्शना म्हणाली होती. "स्वप्नीलला पण हेच सांगितलं. म्हटलं, आमच्या मॅडमचं नाक म्हणजे मशीन आहे." त्यानंतर एकही दिवस मायाने तिला बाहेर थांब म्हटलं नव्हतं. आणि याच्याही आधी, मागच्या वर्षी, दिवाळीनंतर दर्शनाला एकदा दिवस राहिले होते आणि तिसऱ्या महिन्यात मूल गेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, होतं असं पुष्कळदा, कारण सापडत नाही. माया तिला भेटायला लालबागला गेली होती. माळ्याखालच्या कॉटवर दर्शना भिंतीकडे तोंड करून झोपली होती, तिच्या सासूने सोलकढी दिली होती आणि मायाने ती प्यायली होती. आता ती त्या सोलकढीलाही नाक लावून बघत होती. तिथे वास होता का?

हॉलबाहेर धोंडूमामा बादलीत फडकं पिळत होते. मायाने त्यांना विचारलं, उगाच विचारल्यासारखं, "मामा, तुम्हाला येतो का हो अजून वास? याचा?" धोंडूमामा हसले. "मला? मॅडम, मला काय कसला वास येत नाय. किती वर्सं झाली. बायको सांगते आज बांगडा हाय, मग मी म्हणतो, वा, काय वास सुटलाय." "मग कधी बोलला नाहीत?" "बोलायचं काय त्यात? गावाला गेलो की लोक बोलतात, मामा, तुमच्या अंगाला दवाखाना येतो. आपल्याला त्रास नाय, लोकांना त्रास." त्यांनी फडकं झटकलं. "इथल्या सगळ्यांचं तसंच हाय. तुमचं तेवढं शाबूत. म्हणून तर तुम्ही आत जाता."

ती प्रमुखांच्या खोलीत गेली. अमित सर तिच्याहून वयाने लहान होते, भला माणूस, टेबलावर नेहमी आलं-लिंबाच्या गोळ्या ठेवणारे. तिने आधी वाक्यं जुळवली होती. मला वास येत नाही, केव्हापासून ते माहीत नाही, तेव्हा मी रोज जे सांगते त्याला अर्थ नाही. ती जुळवल्याप्रमाणे म्हणाली. सरांनी पेन खाली ठेवलं. "अहो मॅडम, ईएनटीला दाखवा ना. वरच्याच मजल्यावर आहे. मी फोन करू का?" ती म्हणाली, माझं राहू द्या, हॉलचं काय? "हॉलचं म्हणजे तुमच्या डोळ्यांना जाणवतच असेल ना. वास नाही तरी चुरचुरतं." तिने सांगितलं की ती गेली चार-पाच वर्षं डोळे कोरडे पडतात म्हणून थेंब घालते. ती पाचवी नसही थकते. सरांनी पेन उचलून खिशाला लावलं. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं, हे तिला दिसत होतं, आणि त्यामुळे तिच्या हातातलं उरलंसुरलं काहीतरी निसटलं. "यंत्राची मागणी मी परत टाकतो," ते म्हणाले. "पंख्यांचं तर वर पडलेलंच आहे. पण उद्या प्रॅक्टिकल आहे, बाहेरचे परीक्षक आलेत. मुलांना आत्ता काही बोलू नका, पॅनिक होतील. मास्क तर असतोच सगळ्यांना." तो मास्क कापडाचा आहे आणि वाफ त्यातून जाते, ती म्हणाली. "हो, ते आहेच," सर म्हणाले. "गोळी घ्या." तिने घेतली. ती तोंडात गोड होती आणि थोडी आंबट, आणि कशाची आहे ते कळत नव्हतं.

दर्शनाला तिने दुपारी सांगितलं, रविवारच्या गॅसपासून. दोघी कॅन्टीनच्या मागच्या कट्ट्यावर होत्या, तिथे वारा होता म्हणून मायानेच ती जागा निवडली होती. दर्शना डब्यातून घावणे खात होती आणि आधी हसलीच. "काय सांगता? मग काल गॅसचा भडका उडाला असता तर, मॅडम? आईंनी वाचवलं म्हणजे." मग तिचं चावणं मंदावलं. ती डब्याकडे बघत राहिली. मायाला वाटलं, आता ती विचारील. मागच्या वर्षीही नव्हता का येत? हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर आला, थांबला, आणि तिने तो गिळला, घावण्याच्या तुकड्याबरोबर. "माहिती नाही केव्हापासून," माया न विचारताच म्हणाली. "मी शोधते आहे. सापडत नाही." "शोधून काय करायचंय आता," दर्शना म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा होता, फक्त थोडा हळू. कॉटवरून भिंतीशी बोलावं तसा. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मला उलट झालंय बघा. सगळंच येतंय. खाली कुणी कांदा चिरला तरी वर मळमळतं. स्वप्नीलचा साबण बदलायला लावला. तुमच्या अॅप्रनचा पण येतो, राग मानू नका." मायाने नकळत अंग मागे घेतलं. "उद्या तू येऊ नकोस," ती म्हणाली. "मुलांनी ओळखायच्या भागांवर खुणा मी लावते. मी सरांना सांगेन, तिला बरं नाही." "आणि पुढच्या महिन्यात कंत्राटाचं बघताना सर म्हणतील, परीक्षेला गैरहजर," दर्शना म्हणाली. "मी बाहेर उभी राहते. दारात. चालेल?" चालेल, माया म्हणाली. घरी गेल्यावर आईने शेगडीचं बटण दाखवून सांगितलं की आजपासून ह्याला तू हात लावायचा नाहीस, मी घरात नसेन तर उपाशी राहा. माया हो म्हणाली. आईने तिच्याकडे निरखून पाहिलं. "सर्दी नाय तुला," ती म्हणाली. "तुझ्या बापानं पण असंच केलं. ऐकू येतं, ऐकू येतं." मग तिने पोळपाट ओढला. आईने पुढे बोलावं म्हणून माया किती तरी वेळ ओट्याशी थांबली होती.

मंगळवारी मुलं नेहमीसारखी दाराबाहेर गोळा झाली. धुतलेले अॅप्रन, घाबरलेली तोंडं, कुणी पुटपुटत होतं, कुणी बोटांवर नसा मोजत होतं. परीक्षक चहा घेत होते. धोंडूमामांनी पहाटेच टाकीतून दोन देह काढून टेबलांवर ठेवले होते. दर्शना बाहेर भिंतीला टेकून, मास्क लावून, दोन्ही हात पोटावर. "थांबा, आधी मॅडम," कुणीतरी म्हणालं आणि गर्दी बाजूला झाली. माया आत गेली. मधल्या टेबलापर्यंत. पांढऱ्या रंगवलेल्या खिडक्यांतून दुधासारखा उजेड येत होता. पंखे गरगरत होते. ओल्या कापडाखाली एक पाय होता, टाच जरा पिवळी. तिने तोंड मिटलं, श्वास घेतला. मग डोळे मिटून घेतला. मग इतका घेतला की छातीत दुखलं. तिने पहिल्यांदाच ही खोली आहे तशी पाहिली असं तिला वाटलं: इथे काहीही असू शकतं. इथे इतकं असू शकतं की बाहेरच्या प्रत्येक पोराचं नाक आज थोडं जळेल, आणि इतकं कमीही असू शकतं की काहीच होणार नाही, आणि या दोन्हींमध्ये तिला काही फरक नाही. दारातून अमित सरांनी विचारलं, "मॅडम? घेऊ या ना?" मुलं वाट बघत होती. हात वर करायचा, एवढंच. तिचा हात अर्धा वर आला; इतक्या वर्षांत तो आपोआप येत होता. तिने तो खाली घेतला. "मला सांगता येत नाही," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, बाबांना सांगायची तशी. "काय?" "मला सांगता येत नाही, सर. मला वास येत नाही." बाहेर कुणीतरी खुसखुसलं. सर हसल्यासारखं करून मुलांकडे वळले, "मॅडमना सर्दी आहे." मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "मामा, तुम्ही?" धोंडूमामांनी दोन्ही हात हवेत उडवले. सरांचा स्वतःचा सायनसचा त्रास सगळ्यांना माहीत होता. घड्याळाकडे एकदा बघून ते दारात तसेच उभे राहिले, आत आणि बाहेरच्या मध्ये, आणि मायाला वाटलं की आता तरी कुणीतरी म्हणेल, आज नको, कुलूप लावा.

"मी बघते ना," दर्शना म्हणाली.

"दर्शना, तू बाहेर," माया म्हणाली. पण दर्शनाने भिंत सोडली होती, मास्क हनुवटीखाली ओढला होता आणि ती उंबऱ्यातून आत आली होती, एक हात पोटावर, मान जराशी उंचावून. तीन-चार पावलं आत येऊन ती थांबली. तिच्या नाकपुड्या फुलल्या. मायाला ते इतक्या जवळून दिसत होतं. कसं ते पहिल्यांदा वर लागतं, मग खाली उतरतं, कसा चेहरा आपसूक मागे जातो आणि माणूस त्याला परत पुढे आणतो. दर्शनाचे डोळे भरले, पाणी गालावरून ओघळलं. "आहे," ती म्हणाली. "खूप आहे, सर. आणि तिकडून जास्त." तिने कोपऱ्यातल्या टाकीकडे बोट केलं. धोंडूमामा गेले, वाकले आणि म्हणाले, "झाकण बसलेलं नाय हो." माया तिच्या दंडाला धरून तिला बाहेर नेत होती, पण दर्शना दारातल्या सरांकडे बघत होती.

"अरे वा," अमित सर म्हणाले. त्यांच्या आवाजातला सुटकेचा सूर सगळ्यांना ऐकू गेला. "हिचं नाक तिखट आहे. बरं झालं. अर्धा तास पंखे चालू द्या, मग दर्शना, तूच एकदा परत बघून सांग."

मुलं मागे सरली. कुणीतरी हलकेच टाळी वाजवली. दर्शनाने ओढणीने गाल पुसले आणि हसली. लाजून, पण मनापासून, सगळ्या विभागासमोर कौतुक झालेल्या मुलीसारखी. माया त्या हसण्याकडे बघत राहिली. तेच हसू एकदा ती या दारातून निघून, पुलावरून, थेट डिलाईल रोडपर्यंत चेहऱ्यावर घेऊन गेली होती.